मागचा डावा

१

धम्मपाल गमरे यांचा डावा कान नवव्या वर्षी गेला. गालगुंडं झाली होती. महाडच्या बाजूच्या त्या गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. गालाची सूज उतरली तेव्हा त्या अंगाचं जग कुणीतरी दार लोटून घ्यावं तसं बंद झालेलं होतं. एका कानावर माणसाचं फारसं अडत नाही. शाळा झाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं नोकरी झाली, लग्न झालं, दोन मुली शिकून मोठ्या झाल्या. गेली ती एकच गोष्ट. आवाज कुठून आला, हे त्यांना कळत नसे. आवाज यायचा, स्वच्छ यायचा, पण पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखा. हाक आली की ते आधी उजवीकडे वळायचे, मग मागे, आणि हाक मारणारी मुलगी समोरच हसत उभी असायची. रस्ता ओलांडताना बायको, शर्मिला, त्यांचं मनगट धरायची. हॉर्न कुठल्या बाजूला वाजतोय हे त्यांच्या वाटणीचं तिनेच ऐकलं, तीस-बत्तीस वर्षं.

म्हणून धाकटी अस्मिता जेव्हा म्हणाली, "बाबा, चला, स्पीकर घ्यायला जाऊ," तेव्हा त्यांना हसू आलं.

"अगं, मला नेऊन काय उपयोग? आंधळ्याला पैठणी दाखवण्यातला प्रकार."

"उपयोग नको, हमाली करा. सहा डबे आहेत, मी एकटी कुठे उचलू? आणि आईपण नाही. घरी बसून काय करणार तुमी?"

शर्मिला पुण्याला होती, थोरल्या पायलच्या बाळंतपणाला. अजून महिनाभर तरी येणार नव्हती.

अस्मिताचं काम आवाजाचंच होतं. सिनेमातले संवाद धुऊनपुसून स्वच्छ करायचे. पावलं, दारं, भांडी, वारा, सगळं जागच्या जागी बसवायचं. आजवर छोट्या फिल्मा हेडफोनवर निभावल्या. आता एक अख्खा सिनेमा मिळाला होता, पहिलाच, आणि दिग्दर्शकाला आवाज चारी बाजूंनी हवा होता. हेडफोनवर पुढचं-मागचं नीट उमगत नाही. तेव्हा घणसोलीच्या पाचव्या मजल्यावरच्या त्यांच्या हॉलमध्ये, तिच्या कॉम्प्युटरभोवती, पाच स्पीकर आणि एक वूफर मांडायचा असं तिने ठरवलं होतं. धम्मपाल पायात चपला घालून तिच्यामागे निघाले.

२

वाशीतलं ते दुकान पहिल्या मजल्यावर होतं. मालक हौसेराव निकम, साताऱ्याकडचे, पोट सुटलेले, बोलायला गोड. दुकानाच्या मागे त्यांनी ऐकण्यासाठी एक खोली केली होती. भिंतींना जाड गालिचे ठोकलेले, खिडकी नाही, मधोमध एकच खुर्ची.

"बसा काका, हितं बसा. ही राजाची खुर्ची. समदा आवाज हितंच येऊन पोचतो," हौसेराव म्हणाले आणि बोटाने दाखवत गेले, "पुढं दोन, मधी एक, मागं दोन. आन ह्यो खाली ठेवायचा वूफर. छातीत धडधड व्हती ना, ती ह्याच्यातनं."

"बसा बाबा," अस्मिता म्हणाली. "मी मागे उभी राहून ऐकते."

पहिला सेट लागला. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं म्हणे. धम्मपालना नुसती घरघर ऐकू आली. दुसऱ्या सेटवर अस्मिताने डोळे मिटले, थोडं ऐकलं आणि मान हलवली. "मधला दबतोय. माणसं नाकात बोलल्यासारखी वाटतात."

तिसरा सेट काळा, सडपातळ होता. हौसेरावांनी काहीतरी शांतसं लावलं. मोकळं रान, पाखरं, लांबवर पाणी. धम्मपाल कंटाळून नखं बघत होते.

सळ्ळ… सळ्ळ…

त्यांनी मान वर केली.

कुणीतरी धान्य पाखडत होतं. लांब, शेताच्या पलीकडच्या बांधावर असावं तितकं लांब. आणि ते डावीकडे होतं. डावीकडे आणि मागे. त्यांना अंदाज करावा लागला नाही. आपला हात कुठे आहे हे जसं न बघता कळतं, तसं ते कळलं. बावन्न वर्षं लोटलेलं दार त्या एका आवाजापुरतं किलकिलं झालं होतं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ते खाली बघत राहिले.

"हाच घे," ते म्हणाले.

"बाबा, अजून दोन ऐकायचेत."

"हाच."

अस्मिताने त्यांच्याकडे पाहिलं. बाबा कधी हट्ट करत नसत; भाजी कुठली आणू हेसुद्धा ते दुसऱ्यालाच विचारत. "मधला स्वच्छ आहे याचा," ती सावकाश म्हणाली. "ठीक आहे. हाच."

हौसेराव सेट बंद करायला वाकले आणि मागच्या डाव्या स्पीकरपाशी थबकले. "आयला, ह्याची तर वायरच निगालीया. म्हंजी मगाधरनं ह्यो मुकाच हुता की! मॅडम, लावून परत ऐकवू का?"

"राहू दे. बाकीचे चार छान वाजले," अस्मिता म्हणाली. "पण आम्हाला हा नको, सीलबंद द्या."

"सीलबंदच देनार, गोडाऊनमधनं."

धम्मपालनी त्या मुक्या डब्याकडे एकदा बघून घेतलं. एका कानाचा माणूस आयुष्यभरात एक शिकतो, आवाजाच्या बाबतीत वाद घालायचा नाही.

३

घरी येऊन दोघांनी दुपारभर मांडामांड केली. कॉम्प्युटरचं टेबल गॅलरीच्या दाराला लागून होतं. त्यावर पुढचे तीन स्पीकर बसले. मागचा उजवा शर्मिलाच्या शिवणमशीनवर. मागचा डावा हॉलच्या पार टोकाच्या कोपऱ्यात, भिंतीतल्या फळीवर. कोपऱ्याची ती भिंत इमारतीची बाहेरची भिंत होती. पलीकडे काही नाही. पाच मजले खाली सोसायटीचं पार्किंग, त्यापलीकडे झुडपं आणि मग खाडी.

अस्मिताने तपासणीसाठी स्वतःच्याच आवाजात रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. "डोळे मिटा बाबा. कुठून येतंय सांगा." तिचा आवाज एकेका स्पीकरमधून नुसताच "मी इथे," म्हणत खोलीभर फिरला. धम्मपालनी पाचही वेळा भलतीकडे बोट दाखवलं. मागच्या डाव्यालासुद्धा. दोघं पोट धरून हसले.

"शंभरातून शून्य!" म्हणत ती चहा टाकायला आत गेली.

धम्मपाल खुर्चीतच बसून राहिले. गॅलरीतून ऊन आत येत होतं. बांधणीच्या दोऱ्या, थर्माकोल, रिकामे खोके. सगळे स्पीकर बंद होते.

सळ्ळ… सळ्ळ…

शेतापलीकडे नव्हतं आता. झुडपांपलीकडे खाडीच्या काठावर कुणी बसलं असावं, एवढ्या अंतरावर. मागे, डावीकडे. ते हळूच वळले. थेट त्याच्याकडे वळले. भिंत होती.

४

पुढच्या दिवसांत अस्मिता सकाळी अंधेरीला दिग्दर्शकाच्या ऑफिसात जायची आणि चारच्या सुमारास परतायची. तेवढा वेळ घर धम्मपालचं. वरण-भात लावायचा, एका माणसाची दोन भांडी धुवायची, आणि मग त्या खुर्चीत जाऊन बसायचं.

ते काही भोळे नव्हते. स्टोअरमध्ये चौतीस वर्षं मोजून घेण्यात, मोजून देण्यात गेली होती. तपासल्याशिवाय मानायचं नाही ही सवय हाडात मुरलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मागच्या डाव्याची वायर काढली. आवाज तसाच. दुसऱ्या दिवशी डावा उचलून उजव्याच्या जागी ठेवला. आवाज कोपऱ्यातच. मग मेन स्विच पाडला, फ्रिजसुद्धा गप्प झाला. आवाज आला. खाली जाऊन भिंतीमागे उभे राहिले, वर पाहिलं. पाचव्या मजल्याच्या त्या भिंतीला साधं कबुतर बसायलाही कड नव्हती.

मग कान वाजत असावा, असं त्यांनी ठरवलं. मेलेली नस म्हातारपणी उगाच वळवळत असेल. डॉक्टरला दाखवायला हवं. पण दाखवलं नाही, कारण डॉक्टरने औषध दिलं आणि ते लागू पडलं तर?

खरं सांगायचं तर त्यांना त्याची गोडी लागली होती. खुर्चीत डोळे मिटले की ऊन पापण्यांवर पडायचं आणि मागे कुठेतरी ते सावकाश चाललेलं असायचं. आई, राजाबाई, अंगणात तांदूळ पाखडायला बसायची तेव्हा ते तिच्या मागे पडवीत पालथे पडून ऐकायचे. दोन्ही कानांनी ऐकलेलं ते एवढंच आठवत होतं. आवाज रोज थोडा जवळ यायचा. खाडीच्या काठावरून पार्किंगच्या वर, अधांतरी. तिथून भिंतीला लागून.

"झोपून उठलात का काय? आवाज असा का?" शर्मिलाने फोनवर विचारलं. "गोळी घेता ना बीपीची?"

"घेतो गं. बाळ कसं आहे?"

"बाळ मस्त. तुमचं काहीतरी चाललंय पण."

"माझं कसलं काय चालणार?" ते म्हणाले. आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की ते कुजबुजत होते, भिंतीपलीकडच्याने ऐकू नये म्हणून.

५

गुरुवारी तो आवाज भिंतीच्या अलीकडे, घरात आला.

धम्मपाल खुर्चीत बसले आणि पहिल्याच क्षणी त्यांना वाटलं, हे सूप नव्हे. इतक्या जवळून ऐकलं तर दाणे उडून परत सुपात पडल्याचं कळायला हवं. पडत काहीच नव्हतं. मग केरसुणी असेल का? लांब, एकाच दिशेने ओढलेली? तीही नव्हे. केरसुणी परत मागे न्यावी लागते.

ते ऐकत राहिले. एक लांब, सावकाश ओढ. मग थांबा. मग पुन्हा तीच ओढ.

तो श्वास होता.

आत घेतलेला श्वास. ते तो बाहेर सुटण्याची वाट बघत बसले. स्वतःचा श्वासही त्यांनी धरून ठेवला. थांबा आला, सरला, आणि पुन्हा आत. पुन्हा थांबा. पुन्हा आत. बाहेर कधी नाहीच. किती मोठं असेल ते, असा एक विचार त्यांच्या डोक्यात शिरला. इतके दिवस नुसतं आत घेतंय, ठेवतंय कुठे?

ते उठले. गॅलरीतून आलेला उन्हाचा पट्टा हॉलभर तिरपा पडला होता आणि त्यात नेहमीसारखी धूळ तरंगत होती. पंखा बंद होता. धूळ इकडेतिकडे, वरखाली, जशी असते तशी. मग कोपऱ्यात ती ओढ सुरू झाली, आणि पट्ट्यातली सगळी धूळ, कण न् कण, एका दमात कोपऱ्याकडे सरकली. थांबली. पुन्हा सरकली.

धम्मपाल चपला न घालताच खाली गेले आणि अस्मिता येईपर्यंत वॉचमनच्या बाकावर बसून राहिले.

६

"परत करायचा?" अस्मिताला आधी कळेचना. "बाबा, पुढच्या आठवड्यात मला पहिलं रीळ द्यायचंय. तुमीच तर हट्ट केलात!"

"केला. चुकलो."

"असं काय झालं पण?"

त्यांनी सांगितलं. दुकानापासून सगळं, बाकावर बसूनच. ती ऐकत गेली. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी काळजी आली, ती त्यांना जास्त लागली.

"डॉक्टरकडे जाऊ," ती मऊ आवाजात म्हणाली. "पण आधी वर चला. मी रेकॉर्ड करते. काही असेल तर सापडेल, नसेल तर तुमचं टेन्शन जाईल."

तिने आपला चांगला माईक कोपऱ्यात तोंड करून लावला. सगळी बटणं बंद केली, फ्रिज तेवढा चालू ठेवला. "ऐकू आलं की बोट वर करायचं. मी वेळ टिपून घेते." धम्मपालनी डोळे मिटले. पाच मिनिटांत त्यांनी एकोणीस वेळा बोट वर केलं. अस्मिताला एकदाही काही ऐकू आलं नाही.

मग ती स्क्रीनसमोर बसली. रेकॉर्डिंगची हिरवी रेघ गवतासारखी बारीक थरथरत उभी होती. तिने ती मोठी केली, अजून मोठी केली. मग टिपलेल्या वेळा रेघेशी ताडून पाहिल्या, आणि तिचा हात माऊसवरच राहिला.

"काय गं?"

"रिकामी खोलीपण वाजते बाबा," ती म्हणाली. "फ्रिज, खालचा रस्ता, हवा… काय ना काय असतंच. पार शून्य कुठे नसतं. मी एवढी वर्षं काम करते, एकदा पण नाही बघितलं."

"मग?"

तिने बोट ठेवलं. हिरवी रेघ एका जागी तुटली होती. नुसती काळी पोकळी, दोन-तीन सेकंदांची. मग रेघ पुन्हा सुरू. पुढे पुन्हा तुटलेली.

"इथे फ्रिजपण नाही. रस्तापण नाही. इथला आवाज कुणीतरी ओढून घेतलाय." ती थांबली. "एकोणीस जागा आहेत. तुमी बोट वर केलंत तिथे तिथे."

नंतर अस्मिताने टीव्ही मोठ्याने लावला, आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, आणि बापलेक तिथेच जेवून झोपले.

७

सकाळी अकराला हौसेरावांचा टेम्पो येणार होता. "काका, कायबी अडचन न्हाई, माणूस धाडतो," असं ते फोनवर लगेच म्हणाले होते. काय बिघडलं, हे त्यांनी विचारलंही नाही.

लख्ख सकाळ होती. खाली कुणी गाडी धूत होतं. अस्मिताने वायरी गुंडाळल्या, एकेक स्पीकर पिशवीत घालून खोक्यात ठेवला. सिनेमा हेडफोनवरच करायचा, शेवटी दोन दिवस कुणाचा तरी स्टुडिओ मागून घ्यायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं आणि त्याबद्दल एक अक्षर कुरकुर केली नव्हती. शेवटी ती कोपऱ्यात गेली आणि फळीवरचा मागचा डावा काढून घेतला. नुसती फळी राहिली.

धम्मपाल टेबलापाशी, गॅलरीच्या दाराला पाठ करून उभे होते. चिकटपट्टीचं टोक शोधत होते.

फळी रिकामी झाली तसा आवाज बंद पडेल, अशी एक वेडी आशा त्यांना होती. तो बंद पडला नाही. तो कोपऱ्यातून निघाला. फळीच्या अलीकडे आला, खोक्याच्या जवळ आला. त्यांना तो पावलागणिक कळत होता, इतका स्पष्ट, की डोळे बांधून त्यांनी त्यावर हात ठेवला असता.

अस्मिता खोका बंद करून उठली आणि त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. त्यांचा चेहरा बघून ती हलली नाही.

"बाबा," ती म्हणाली. "अजून आहे?"

त्यांनी मान डोलावली.

"कुठे?"

तिने केस वर बांधले होते. मानेवर दोन-चार बटा सुटलेल्या होत्या. पंखा बंद होता. त्यांच्या डोळ्यांदेखत त्या बटा मानेवरून हलकेच उचलल्या गेल्या, ताणल्या, आणि मागे, तिच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेकडे सरळ होऊन राहिल्या. मग पुन्हा मानेवर पडल्या. अस्मिताने नकळत मान खाजवली.

त्या क्षणभरात, बटा ताणलेल्या असताना, त्यांना तिच्या खांद्यामागे काहीतरी दिसलं. दिसलं म्हणजे, तिथली भिंत थोडी आत गेलेली दिसली, गाल आत ओढावा तशी.

"बाबा, बोला ना. कुठे आहे आत्ता?" ती आता मागे वळून बघणार, हे त्यांना दिसलं. तिने वळू नये, एवढं एकच त्यांना सुचलं. तिने ते बघू नये.

आयुष्यभर त्यांनी भलतीकडे बोट दाखवलं होतं, पण मुद्दाम असं कधी नाही. त्यांनी हात उचलला आणि स्वतःच्या खांद्यावरून मागे, गॅलरीकडे दाखवलं.

"तिकडे," ते म्हणाले. "बाहेर. गॅलरीत आहे."

अस्मिताने गॅलरीकडे पाहिलं. ऊन होतं, वाळत घातलेला टॉवेल होता. तिचे डोळे मोठे झाले. नजर गॅलरीवरून न काढता, बाबांचा शब्द खरा मानून, ती त्या दारापासून लांब एक पाऊल मागे सरकली. आणि मग अजून एक.